दुसऱ्या दिवशीचा शोमरोनी

(वाचकांचे प्रश्न आणि उत्तरे. या सदराच्या लेखिका मिशन हॉस्पिटलातून समाजसेवा अधीक्षक म्हणून निवृत्त झाल्या आहेत.)

प्रश्न : सप्रेम जय ख्रिस्त. आमच्या चर्चच्या फाटकाशी दर रविवारी एक माणूस बसतो. पन्नाशीचा असेल. एका पायाला मळकं फडकं गुंडाळलेलं असतं. उपासना सुटली की मी त्याला दहा रुपये देते. आमचे हे म्हणतात, तो ते दारूत घालतो, तू त्याचं व्यसन पोसतेस. मंडळीतले एक वडील तर मला पौलाचं वचन ऐकवतात, की ज्याला काम करायची इच्छा नाही त्याने खाऊही नये. दिले तरी मन खातं, नाही दिले तरी खातं. मी काय करावं?
– एक भगिनी, श्रीरामपूर

उत्तर : ताई, तुमच्या पत्रात त्या माणसाचं वय आहे, फडकं आहे, दारू आहे. नाव नाही. येत्या रविवारी दहा रुपये द्याच, पण आधी त्याच्याशेजारी खाली बसा आणि नाव विचारा. गाव कुठलं, घरी कोण आहे, रात्री झोपता कुठे, हेही विचारा. पहिल्या वेळी तो काहीबाही सांगेल. इतकी वर्षं कुणी विचारलेलं नसतं, त्यामुळे विचारणाऱ्याचीच शंका येते. पुढच्या रविवारी परत विचारा.

मग त्या पायाची चौकशी करा. मला तुमच्या पत्रातलं ते फडकंच सगळ्यात जास्त दिसत राहिलं. माझ्या नोकरीत अशी फडकी सुटताना मी खूप पाहिली आहेत. आत तळव्यावर, बहुतेक वेळा अंगठ्याच्या मुळाशी किंवा टाचेला, एक खोलगट जखम असते. कडा जाड, पांढरट, घट्टे पडल्यासारख्या. वास येतो. आणि तो माणूस त्याच पायावर दोन-तीन किलोमीटर चालत आलेला असतो, कारण त्याला तिथे काही दुखतच नाही. तळव्याची संवेदनाच गेलेली असते. काटा रुतला, चपलेचा खिळा वर आला, उन्हात डांबर तापलं, तरी कळत नाही.

असं मुख्यतः दोन आजारांत होतं, मधुमेहात आणि कुष्ठरोगात. मधुमेह असेल तर रक्त तपासल्यावर कळेल. कुष्ठरोगाचं म्हणाल तर लोकांच्या मनात अजून जुनीच भीती आहे, म्हणून जरा सविस्तर लिहिते. जागतिक आरोग्य संघटनेने १९८१ साली बहुविध औषधोपचाराची शिफारस केली, तेव्हापासून हा आजार पूर्ण बरा होतो. चट्टे थोडे असतील तर सहा महिने, जास्त असतील तर बारा महिने गोळ्या घ्यायच्या, आणि त्या सरकारी आरोग्य केंद्रात फुकट मिळतात. उपचार सुरू झाल्यावर थोड्याच काळात रोग्यापासून दुसऱ्याला लागण होण्याचा धोका राहत नाही. पण मेलेल्या नसा परत जिवंत होत नाहीत. म्हणून रोग जातो आणि जखम राहते. घरचे जखमेकडे बघून म्हणतात, अजून आहेच की! आणि बरा झालेला माणूस देवळाच्या, दर्ग्याच्या नाहीतर आपल्या चर्चच्या फाटकाशी येऊन बसतो.

त्या पायाची निगा कशी राखायची हे कुणीही शिकू शकतं. रोज वीस-पंचवीस मिनिटं पाय साध्या पाण्यात बुडवून ठेवायचा, गरम पाण्यात मुळीच नाही, कारण त्याला चटका कळणार नाही. घट्टे मऊ झाले की खरबरीत दगडाने हलक्या हाताने घासायचे. जखम सोडून बाकीच्या कातडीला खोबरेल तेल लावायचं, म्हणजे ती फुटत नाही. जखमेवर स्वच्छ कापड बांधायचं. आणि पायात एमसीआरच्या, म्हणजे मायक्रोसेल्युलर रबराच्या, चपला हव्यात. आत मऊ रबर, खाली कडक तळ, खिळा एकही नाही. कुष्ठरोगाच्या दवाखान्यातून त्या मिळतात. जखम चिघळलेली असेल, लाली वर चढत असेल किंवा ताप असेल, तर घरगुती काही करत बसू नका, त्याच दिवशी डॉक्टर गाठा.

हे काम शिकलेल्या लोकांनीच करायचं असंही नाही. तुमच्याच जिल्ह्यात जामखेडला डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे या ख्रिस्ती दांपत्याने १९७० साली काम सुरू केलं. त्यांनी गावोगावच्या बायांना आरोग्यसेविका म्हणून तयार केलं. त्यांतल्या कितीतरी दलित होत्या, कितीतरी निरक्षर. त्या बायांनी चट्टे ओळखले, औषधं वेळेवर पोचवली, आणि वाळीत टाकलेल्यांना गावाने परत जवळ करावं म्हणून त्या झटल्या. १९७९ साली आरोळेंना मॅगसेसे पुरस्कार मिळाला. मला त्या पुरस्कारापेक्षा मोठं वाटतं ते हे, की कुष्ठरोग्याचा पाय हातात घेणारी बाई त्याच गावातली होती आणि उद्याही तिथेच राहणार होती.

आता दारू. तुमचे मिस्टर म्हणतात ते खरंही असेल. उघड्यावर झोपणाऱ्याला रात्र काढायची असते. पण तो पितो म्हणून त्याच्या पायाची जखम कमी खोल होत नाही. दोन्हींवर इलाज हवा. पैशांनी दारू येईल अशी भीती वाटत असेल तर पैशांबरोबर स्वतः जा. दवाखान्यात न्या, केस पेपर काढा, औषधं हातात घेऊन द्या. व्यसन सुटण्यासाठी बऱ्याच शहरांत अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमसच्या मराठीतून सभा होतात, तिथे जाण्याविषयी पुढे कधीतरी बोलता येईल. ओळख झाल्याशिवाय तो विषय काढू नका.

आणि त्या वडिलांना माझा सलाम सांगा, आणि थेस्सलनीकाकरांस दुसऱ्या पत्राचा तो तिसरा अध्याय पुढेही वाचायला सांगा. पौल तिथे बोलतो आहे मंडळीतल्या धडधाकट माणसांविषयी, जी कामधंदा सोडून दुसऱ्यांच्या कामात लुडबुड करत फिरत होती. तळवा सडलेल्या माणसाला तो हे म्हणत नाही. आणि तीनच वचनं पुढे तो बाकीच्यांना सांगतो, की चांगलं ते करताना खचू नका. पहिलं वचन आपल्या मंडळ्यांत पाठ असतं. हे दुसरं मी फारसं कुणाच्या तोंडून ऐकलेलं नाही, आणि याचं मला मनापासून वाईट वाटतं.

चांगल्या शोमरोन्याचा दाखला तुम्ही शब्बाथ शाळेपासून ऐकत आला असाल. लुटारूंनी मारून वाटेत टाकलेल्या माणसाच्या जखमांवर एका परक्या शोमरोनी वाटसरूने तेल-द्राक्षारस ओतून त्या बांधल्या, तो. आपण तो दाखला नेहमी त्या तेल-द्राक्षारसापाशी थांबवतो. माझी नोकरी मात्र त्याच्या पुढच्या ओळीवर झाली. लूकच्या दहाव्या अध्यायात ‘दुसऱ्या दिवशी’ असे शब्द आहेत. रात्रभर त्याने त्या जखमी माणसाची काळजी घेतली, दुसऱ्या दिवशी दोन दिवसांच्या मजुरीएवढी नाणी उतारशाळेच्या मालकाला दिली, आणि म्हणाला, याहून जास्त खर्च होईल तो मी परत येताना देईन. म्हणजे उसनवार खातं उघडलं, त्याला स्वतः जामीन राहिला, आणि परत यायचं कबूल केलं. हॉस्पिटलात भरतीच्या कागदावर एक रकाना असतो, जबाबदार नातेवाइकाचं नाव आणि सही. बेवारस पेशंटचा तो रकाना कोरा राहतो, आणि त्या एका कोऱ्या रकान्यापायी पुढचं सगळं अडतं. रक्त कोण आणणार, ऑपरेशनला संमती कोण देणार, घरी सोडायचं तर कुणाच्या हवाली? रस्त्यावरून उचलून आणणारे भले लोक मी पुष्कळ पाहिले. आणून ठेवून, हात जोडून ते निघून जायचे, आणि त्यांनाही संसार होता, मी त्यांना दोष देत नाही. पण पेशंट वाचायचा तो बहुधा ज्याच्याकडे दुसऱ्या दिवशी कुणी आलं तो. डबा घेऊन, किंवा नुसतंच बघायला.

ताई, तुम्ही एकट्या हे सगळं करू नका. महिला मंडळातल्या दोघी-तिघींना बरोबर घ्या आणि वार वाटून घ्या. आणि तुमच्या मिस्टरांना एकदा त्याला दवाखान्यात न्यायला सांगा. पुरुष माणूस बरोबर असला की त्या पायाच्या माणसाला रिक्षात चढवणं सोपं जातं, आणि दोघांची ओळखही होईल.

प्रश्न : मी रोज दुचाकीवरून महामार्गाने कामाला जातो. अपघात झालेला दिसतो, थांबावंसं वाटतं. पण घरचे बजावतात, पोलिसांचं लफडं मागे लागेल, कोर्टाच्या खेपा घालाव्या लागतील. ख्रिस्ती म्हणून थांबायला हवं हे कळतं, पण भीती वाटते.
– एक तरुण, सांगली जिल्हा

उत्तर : बाळा, थांब. घरच्यांची भीती जुन्या काळातली आहे, आणि त्या काळात ती खोटीही नव्हती. २०१६ साली सर्वोच्च न्यायालयाने मदत करणाऱ्यांच्या संरक्षणाच्या मार्गदर्शक सूचनांना कायद्याचं बळ दिलं, आणि २०१९ च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यात कलम १३४अ आलं. त्या कलमात मदत करणाऱ्याला नाव दिलं आहे ‘गुड समॅरिटन’, म्हणजे आपला शोमरोनीच. चांगल्या हेतूने मदत केली तर जखमीचं काही बरंवाईट झालं तरी तुझ्यावर दावा किंवा खटला होत नाही. तुझं नाव-पत्ता सांगायची तुझ्यावर सक्ती नाही. साक्षीदार व्हायचं की नाही हे तुझ्या मर्जीवर आहे.

आधी १०८ ला फोन कर. स्वतःची गाडी बाजूला, लोकांना दिसेल अशी लाव, नाहीतर दुसरा अपघात होईल. जखमी माणसाला पाणी पाजू नकोस. रक्त वाहत असेल तर स्वच्छ रुमाल घट्ट दाबून धर, आणि सारखा उचलून बघू नकोस. मानेला, पाठीला मार असेल असं वाटलं तर आग किंवा रहदारीचा धोका असल्याशिवाय हलवू नकोस. जखमीच्या खिशातल्या फोनवरून त्याच्या घरच्यांना कळव. यातलं काहीच जमलं नाही तरी हात धरून ‘गाडी येतेय, मी इथेच आहे’ एवढं बोलत राहा. शुद्ध हरपलेली दिसली तरी बोल, कारण ऐकू येत असतं असं शुद्धीवर आलेल्या पेशंटनी मला सांगितलं आहे.

आणि संध्याकाळी जाताना हॉस्पिटलात डोकावता आलं तर डोकाव.

प्रश्न : आम्ही काही कुटुंबं मिळून जवळच्या वीटभट्टीवरच्या मजुरांना धान्य देतो, मुलांचा अभ्यास घेतो. हल्ली गावात कुजबुज आहे, की हे लोक बाटवायला येतात. आमच्यातल्याच काहींना वाटतं, धान्याच्या पिशवीत एक शुभवर्तमानाची पुस्तिका घालायला काय हरकत आहे, साक्ष नको का द्यायला? दुसरे म्हणतात, आपण ख्रिस्ती आहोत हे सांगूच नये, उगाच वाद नको. तुमचं मत काय?
– एक वाचक, छत्रपती संभाजीनगर

उत्तर : पिशवीत पुस्तिका घालू नका, आणि ओळखही लपवू नका. माझं मत असं आहे, आणि ते आजचं वातावरण बघून बनलेलं नाही.

भट्टीवरचा मजूर उचल घेऊन आलेला असतो. हंगामभर तो मुकादमाच्या शब्दाबाहेर जाऊ शकत नाही. त्याला ‘नाही’ म्हणायची सवयच उरलेली नसते. त्याच्या हातात पाच किलो गहू आणि त्यावर पुस्तिका ठेवली, तर तो दोन्ही घेईल, मान डोलावेल, प्रार्थनेलाही येऊन बसेल. ती श्रद्धा म्हणायची की पोट? तुम्हांला कळणार नाही, त्यालाही कळणार नाही. प्रभूने दहा कुष्ठरोगी बरे केले तेव्हा एकच परत आला, आणि तोही शोमरोनी. ‘बाकीचे नऊ कुठे आहेत?’ असं प्रभूने विचारलं, त्याला ते लागलं असणार. पण त्या नवांचं बरं होणं त्याने काढून घेतलं नाही. भट्टीवरच्या प्रत्येक घराकडे त्या नवांपैकी एक म्हणून बघा, आणि तरीही गहू तेवढाच द्या.

लपवू नका असं का म्हणते? कारण लपवलेलं उघड झालं की चांगल्या कामावरही संशय येतो, आणि तो योग्यच असतो. पंडिता रमाबाईंनी १८८९ साली मुंबईत शारदा सदन काढलं, पुढच्या वर्षी ते पुण्याला नेलं. रानडे, भांडारकरांसारखी मोठी माणसं सल्लागार होती. रमाबाई ख्रिस्ती आहेत हे सगळ्यांना ठाऊक होतं. त्या आपल्या खोलीत प्रार्थना करत, दार उघडं असे, आणि मुली येऊन बसू लागल्या. १८९३ साली पुण्यात वादळ उठलं, सल्लागार बाजूला झाले, पालकांनी मुली काढून नेल्या. त्या पालकांची आणि सल्लागारांची बाजूही मी समजू शकते. विश्वासाने ठेवलेल्या, परक्या आधारावर असलेल्या लहान मुली त्या. रमाबाईंनी दार बंद केलं नाही हे मला आवडतं, आणि आश्रित मुलांच्या बाबतीत पालकांशी आधी स्पष्ट बोलून घ्यावं हेही मी त्याच प्रसंगातून शिकले.

पण रमाबाई थांबल्या नाहीत, ही गोष्ट आपल्याला जास्त कामाची आहे. १८९६-९७ च्या दुष्काळात त्या मध्य प्रांतात स्वतः गेल्या आणि भुकेने खंगलेल्या मुली-बायकांना घेऊन आल्या, शेकड्यांनी. केडगावला मुक्ती सदन उभं राहिलं. तिथे फसवल्या गेलेल्या बायकांसाठी कृपासदन होतं, म्हाताऱ्यांसाठी प्रीतिसदन, आणि अंधांसाठी बार्तिमी सदन. बार्तीमय म्हणजे यरीहोच्या रस्त्यावरचा तो आंधळा भिकारी. तो ओरडत होता, लोक त्याला गप्प करत होते, आणि प्रभूने त्याला जवळ बोलावून विचारलं, ‘मी तुझ्यासाठी काय करावं अशी तुझी इच्छा आहे?’ आंधळ्याला काय हवं हे दिसत नव्हतं का? तरी विचारलं. तुम्ही भट्टीवर हे विचारलं आहे का? कदाचित गव्हापेक्षा त्यांना मुलांच्या शाळेचा दाखला हवा असेल, किंवा बाळंतिणीला न्यायला गाडी, किंवा उचलीचा हिशेब वाचून दाखवणारं कुणीतरी.

कुणी विचारलं, तुम्ही हे का करता, तर सरळ सांगा की आम्ही ख्रिस्ताचे आहोत आणि त्याने आमच्यावर दया केली म्हणून करतो. पेत्र म्हणतो तसं, सौम्यतेने. गावातल्या कुजबुजणाऱ्यांनाही एका रविवारी वाटपाला बोलवा. शिक्षक, सरपंच, भजनी मंडळातले कोणी. अभ्यास घ्यायला त्यांच्यातला एखादा तयार झाला तर त्याच्या हातात खडू द्या. आणि कृपा करून फोटो काढू नका. पिशवी घेताना खाली गेलेली बाईची मान मंडळीच्या व्हॉट्सअ‍ॅप गटावर फिरते, ते मला सहन होत नाही. उजवा हात काय करतो हे डाव्या हाताला कळू नये असं सांगणाऱ्याचे आपण शिष्य आहोत.

प्रश्न : शेजारी एक विधवा आजी एकट्या राहतात, सत्तरी उलटलेली. मुलगा मुंबईला, फिरकत नाही. मी रोज दुपारी डबा देते. आणखी काय करता येईल?
– एक गृहिणी, मिरज

उत्तर : डबा चालू ठेवा, आणि आठवड्यातून एकदा त्यांच्याबरोबर बसून जेवा. आता कागदांकडे वळा. प्रेषितांची कृत्ये सहाव्या अध्यायात विधवांच्या रोजच्या वाटणीत कुचराई होते अशी तक्रार आली, तेव्हा मंडळीने पवित्र आत्म्याने भरलेले सात जण निवडले ते याच कामासाठी. कागद जमवणं हे कमी दर्जाचं काम समजू नका.

पहिलं, रेशनकार्ड. ते कुठलं आहे बघा. अंत्योदय असेल तर कार्डावर महिन्याला ३५ किलो धान्य आहे, प्राधान्य कुटुंबाचं असेल तर माणशी ५ किलो, आणि २०२३ पासून ते मोफत आहे. आयुष्यभर भांडी घासलेल्या हातांचे ठसे यंत्रावर उमटत नाहीत, म्हणून दुकानदार परत पाठवतो, असं फार होतं. तहसीलच्या पुरवठा शाखेत लेखी कळवा आणि दुसरी सोय मागा.

दुसरं, पेन्शन. ६५ वर्षांवरच्या निराधारांसाठी श्रावणबाळ योजना आहे, महिन्याला १,५०० रुपये. वय कमी असतं तर संजय गांधी निराधार योजना लागू झाली असती. आधार, वयाचा पुरावा, उत्पन्नाचा आणि रहिवासी दाखला, रेशनकार्ड, आजोबांचा मृत्यूचा दाखला आणि बँकेचं पासबुक लागेल. पासबुक आधी तपासा. वर्षानुवर्षं व्यवहार नसलेलं खातं बंद पडलेलं असतं, आणि आधारशी जोडलेलं नसेल तर पैसे येत नाहीत. पेन्शन सुरू झाल्यावर दरवर्षी हयातीचा दाखला द्यावा लागतो, तो विसरला की पैसे थांबतात. ती तारीख तुमच्या कॅलेंडरवर लिहून ठेवा.

डोळ्यांना कमी दिसत असेल तर मोतीबिंदू आहे का ते दाखवा, सरकारी रुग्णालयात शस्त्रक्रिया मोफत होते. भरती व्हायची वेळ आली तर महात्मा फुले जनआरोग्य योजनेतलं रुग्णालय निवडा आणि तिथल्या आरोग्यमित्राला, म्हणजे योजनेच्या मदतनीसाला, भेटा.

मुलाबद्दल. २००७ च्या कायद्याप्रमाणे आईवडिलांना सांभाळणं मुलांवर बंधनकारक आहे. प्रांत कार्यालयात अर्ज करता येतो, आणि आजींना जमत नसेल तर त्यांनी अधिकार दिलेला माणूस त्यांच्या वतीने करू शकतो. हे त्यांना सांगा, पण जोर करू नका. मुलावर अर्ज म्हटलं की बहुतेक आया नको म्हणतात. त्याआधी त्यांच्या समोर, त्यांच्या परवानगीने, मुलाला फोन लावून बघा. रागावू नका. आई कशी आहे, एवढंच सांगा. ज्येष्ठांसाठी १४५६७ हा मदत क्रमांक आहे, तोही त्यांच्या भिंतीवर मोठ्या अक्षरांत लिहून लावा.

तहसीलमध्ये जाताना आजींना रिक्षाने न्या, गोळ्या आणि पाणी बरोबर ठेवा, त्यांना बाकावर बसवून रांगेत तुम्ही उभ्या राहा, आणि अर्जाची शिक्क्याची पोच घेतल्याशिवाय तिथून निघू नका.